कोणी आलं नव्हतं

आमच्या न्हाणीवरच्या डीटीएच-छत्रीचा कारभार ज्यांच्याकडे आहे, त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना,



शुक्रवार, ४ जुलै २०२५. संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तुमचा मेसेज आला. ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?’

मी तेव्हा पडवीतच बसले होते. सकाळी दहापासून तिथेच होते, कारण ‘दहा ते सहाच्या दरम्यान इंजिनिअर येईल’ असं तुमच्याकडूनच कळलं होतं. पाऊस नुसता कोसळत होता. येणारा माणूस भिजून येणार म्हणून दोरीवर कोरडा टॉवेल काढून ठेवला होता. शिडी न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. चहाचं आधण दोनदा चढवलं आणि दोनदा उतरवलं. वाडीत येणारा रस्ता आमच्या गडग्यापाशी संपतो, त्याच्या पुढे नुसता उतार आणि ओढा. कोणी आला आणि मला दिसला नाही, असं इथं होऊच शकत नाही. त्या दिवशी पोस्टमनसुद्धा आला नाही.

मेसेज मी तीनदा वाचला. मग आत जाऊन टीव्ही लावून बघितला, न जाणो माझ्या नकळत काही झालं असेल. पडदा सकाळी होता तसाच निळा होता.

टीव्ही बंद पडला म्हणून मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. मी रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात राहते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग दाटून आले की चित्राचे चौकोन चौकोन होतात, आवाज तुटतो, मग सगळंच जातं. पाऊस ओसरला की पाच-दहा मिनिटांत परत येतं. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. दाट पावसात त्या शोषल्या जातात, विखुरतात. यात तुमची चूक नाही आणि त्यासाठी मी सतरा वर्षांत एकदाही फोन केलेला नाही. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या सुमाराला, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि दुपारच्या अगोदर काही मिनिटं चित्र खरखरतं. तेही मला माहीत आहे. माझ्या चौथीच्या वर्गाला मी ते फळ्यावर काढून दाखवत असे. आभाळाचं काय आणि तुमचं काय, यातला फरक मला कळतो. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढे जे झालं ते समजायला याची गरज आहे.

हे सगळं मला शिकवलं माझ्या यजमानांनी. त्यांचं देवरुखला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचे मनोरे वाढले तेव्हा बांबूवर ॲल्युमिनियमचा अँटेना बांधून ते डोंगरमाथ्यावरच्या घरांना चित्र आणून द्यायचे. खालच्या वाड्यांना मात्र काही केल्या मिळत नसे, मध्ये डोंगर. नव्वदीत शहरात केबल आली. केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची मोठी छत्री आणि तिथून घरोघर वायर. आमच्याकडे दोन घरांत दोन-दोनशे मीटर अंतर, मध्ये ओढे, कलमांच्या बागा. एवढी वायर कोण ओढणार? मग १६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं. तेहतीस वाहिन्या, महिन्याचं भाडं नाही, साठ सेंटीमीटरची छत्री आणि एक बॉक्स. पुढच्या उन्हाळ्यात हे जेवायलासुद्धा वेळेवर घरी येत नसत. खांद्यावर छत्री, पिशवीत होकायंत्र आणि पाने, आणि पायी वाडी वाडी.

ते लोकांना एक गोष्ट नेहमी सांगत. उपग्रहावरून टीव्ही या देशात आला तो आधी खेड्यात आला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत थेट टीव्ही दाखवला होता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी छत्र्या, आणि समोर ओट्यावर अख्खं गाव. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता याची त्यांना हळहळ वाटे. पण मुद्दा त्यांना पक्का ठाऊक होता: जिथं तार पोचत नाही त्यांच्यासाठीच ही विद्या आहे. तुमच्या फोनवर ‘आपलं लोकेशन सेवा-केंद्रापासून दूर आहे’ असं ऐकायला मिळतं तेव्हा मला त्यांचं हे बोलणं आठवतं. दूर आहोत म्हणून तर छत्री लावली!

तुमची जोडणी आम्ही २००८ मध्ये घेतली, सासूबाईंसाठी. त्यांना मराठी मालिका आणि कीर्तनं हवी होती आणि तुमच्याकडे तेव्हा मराठी वाहिन्या जास्त होत्या. छत्री ह्यांनीच लावली. तुमचा माणूस आला होता, पण त्याने ह्यांचं काम बघितलं आणि पाना ह्यांच्याच हातात दिला. घर कौलारू, म्हणून छत्री न्हाणीच्या स्लॅबवर. तोंड आग्नेयेला. आमचं घर जांभ्याचं आहे आणि जांभ्यात बोल्ट नीट धरत नाही. दगड सच्छिद्र, दोन पावसाळ्यांत भोक मोठं होतं. म्हणून ह्यांनी स्लॅबमध्येच बोल्ट आरपार घेतले आणि खालून पत्र्याची पट्टी लावली. तेरा वर्षं ती छत्री हलली नाही.

छत्री बसवली त्या दिवशी मी खिडकीत उभी होते. ज्यांनी छत्री लावली आहे त्या प्रत्येक घराला हे चित्र ठाऊक असेल. एक जण वर, एक जण खिडकीत, आत पडद्यावर दोन पट्ट्या. वरून आरोळी येते, ‘आलं का?’ खिडकीतून उत्तर जातं, ‘नाही... नाही... थोडं आलं... गेलं, गेलं! मागे घ्या!’ छत्री कशी बसवायची ते ह्यांनी मला तेव्हा समजावलं. छत्री जिथं बघतेय असं वाटतं तिथं ती बघत नाही. तिचा आकारच असा तिरका कापलेला असतो की ती त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. म्हणून समोरचा फणस आड येईल असं वाटलं तरी येत नाही. उपग्रह विषुववृत्ताच्या वर जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर. इथं छत्री एक अंश हलली तर तिकडे तिची नजर सहाशे किलोमीटर सरकते. ‘म्हणून घाई नाही करायची,’ ते म्हणायचे. ‘बोटभर हलवायचं आणि थांबायचं. बॉक्सला विचार करायला वेळ द्यायचा.’

पट्ट्यांचं तर त्यांनी मला घोकूनच घ्यायला लावलं होतं. वरची पट्टी स्ट्रेंथ, खालची क्वालिटी. दोन्ही शून्य असतील तर वायर तुटली, सांध्यात पाणी गेलं, नाहीतर छत्रीच्या तोंडासमोरचा एलएनबी गेला. वरची भरलेली आणि खालची शून्य असेल तर वायर ठीक, एलएनबी ठीक, बॉक्सही ठीक. छत्री फिरली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. कौलं उडाली, दोन कलमं मुळासकट गेली, छत्रीचा खांब वाकला. लॉकडाऊन होता, तुमच्याकडून कोणी येणं शक्य नव्हतं आणि आम्ही बोलावलंही नाही. हे वर चढले. वय सदुसष्ट. खांब सरळ केला, एक बोल्ट तुटला होता त्याच्या जागी दुसरा घातला. ‘याला नंतर बघू, हा पक्का नाही,’ म्हणाले. ती आमची शेवटची ‘आलं-गेलं’. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले. नंतर बघायचा तो बोल्ट तसाच राहिला.

आता जुलैतलं सांगते.

बुधवारी, २ तारखेला रात्री सोसाट्याचा वारा झाला. गुरुवारी सकाळी पाऊस थांबला तरी चित्र आलं नाही. मी मेनूत जाऊन पट्ट्या बघितल्या. स्ट्रेंथ चौऱ्याहत्तर, क्वालिटी शून्य. अंगणात जाऊन छत्री बघितली. भिंतीवर ह्यांनी खडूने नव्हे, तर रंगाने एक रेघ मारून ठेवली आहे, छत्रीची कड त्या रेघेला आली पाहिजे अशी. कड रेघेपासून दोन बोटं सरकलेली होती. मी लगेच फोन लावला. इतकं मी एका वाक्यात सांगू शकत होते: छत्री दोन बोटं फिरली आहे, एक बोल्ट नवा लागेल, शिडी आहे, माणूस पाठवा.

पलीकडच्या मुलीने विचारलं, ‘खातेदारांशी बोलू शकते का?’

मी म्हटलं, खातेदार माझे यजमान, ते आता नाहीत. ती म्हणाली, ‘ते कधीपर्यंत येतील?’

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिने ‘नाहीत’चा अर्थ ‘बाहेर गेलेत’ असा घेतला असेल. मी स्पष्ट सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग समोर लिहिलेलं असतं तसं वाचू लागली, की सुरक्षेच्या कारणास्तव खात्याची माहिती फक्त खातेदारांनाच देता येईल, नाव बदलण्यासाठी मृत्यूचा दाखला, वारस म्हणून अमुक कागद, तमुक कागद. मला खात्याची माहिती नको होती. मला एक माणूस हवा होता, पान्यासकट. आणि एक विचारते. साडेतीन वर्षं दर महिन्याला रिचार्ज मी करते आहे, माझ्या फोनवरून, माझ्या निवृत्तिवेतनातून. ते पैसे घेताना तुम्ही एकदाही खातेदार कुठे आहेत असं विचारलं नाही.

शेवटी तक्रार नोंदली. पण छत्री फिरली आहे हे माझं म्हणणं तिने ऐकूनही घेतलं नाही. बॉक्स बंद करून चालू करा. कार्ड काढा, पुसा, परत घाला. मी पट्ट्यांचे आकडे सांगितले. ‘मॅडम, ते इंजिनिअर बघतील. तुम्ही आधी कार्ड काढा.’ एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहिलीतलं पोर ‘बाई, माझं पोट दुखतं’ म्हणालं तर आपण आधी कुठे दुखतं ते विचारतो, ऐकतो. मी कार्ड काढलं, पुसलं, घातलं. तीनदा. मला तेव्हा रडू आलं, ते कार्डासाठी नव्हे.

घाई का होती ते सांगते. रविवारी, ६ तारखेला आषाढी एकादशी होती.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आई म्हणतो. घरात माळ आहे. आषाढी म्हणजे आमच्याकडे लावणीचे दिवस. चिखलातून पाय निघत नाही, म्हणून कोकणातला शेतकरी बहुतेक करून कार्तिकीला पंढरपूरला जातो. आईंनी अठरा वर्षं कार्तिकीची वारी केली. आषाढीला त्या कधीच गेल्या नाहीत. जाणारही नव्हत्या, लावणी सोडून कोण जाणार? आषाढीचा विठोबा त्यांना पहिल्यांदा दिसला तो आमच्या ओटीवरच्या टीव्हीत. सह्याद्री वाहिनीवर शासकीय महापूजा दाखवतात, उत्तररात्री अडीचच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी लावणी असली तरी आई उठून बसायच्या. दुधाने, दह्याने अभिषेक होताना मूर्तीचा चेहरा जवळून दिसतो. ‘देवळात गेले तरी एवढा दिसला नव्हता गो,’ असं त्या दरवर्षी म्हणतात. पाच-सात वर्षांपूर्वी गुडघे गेले, तेव्हापासून कार्तिकीही बंद. मग ही एकच भेट राहिली.

फोनवर मी हेही सांगितलं. तुमच्या दुसऱ्या एका माणसाने, शुक्रवारी रात्री, सुचवलं की मोबाईलवर लाइव्ह बघा. आमच्याकडे मोबाईल पडवीच्या एका कोपऱ्यात लागतो, तोही बोलण्यापुरता. पाऊस असला की इंटरनेट फिरत राहतं. दूरदर्शनने जमिनीवरचे जुने मनोरे मोजके सोडून सगळे बंद केले, त्यामुळे बांबूवरच्या अँटेनाला पकडायलाही आता काही नाही. आमच्या ओटीवर चित्र यायची एकच वाट आहे आणि ती आभाळातून आहे.

शनिवारी मी चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी एकच: तुमची तक्रार सोडवलेली दिसते आहे. सोडवलेली नाही असं म्हटलं तर नवीन तक्रार घ्यावी लागेल, आणि नवीन तक्रारीची तारीख मंगळवार.

रविवारी उत्तररात्री दोन वाजता आईंनी मला हाक मारली. त्या उठून, तोंड धुऊन, धुवट नऊवारी नेसून, बुक्का लावून खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद आहे हे मी त्यांना सांगितलं होतं, पण तुमचा मेसेज मीच वाचून दाखवला होता ना! ‘निराकरण झालं म्हणजे काय गो?’ असं त्यांनी विचारलं होतं आणि मी अर्थ सांगितला होता. छापून आलेलं खोटं असतं हे त्यांच्या मनाला शिवत नाही. मी टीव्ही लावला. निळा पडदा. त्या निळ्या उजेडात त्यांनी हात जोडले आणि थोडा वेळ तशाच बसल्या. बाहेर पाऊसही नव्हता तेव्हा, आभाळ चक्क मोकळं होतं. मग म्हणाल्या, ‘बंद कर गो तो. लाईट जाळू नको.’

मला त्यानंतर झोप आली नाही.

मंगळवारी ८ तारखेला तुमचा माणूस आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, चिपळूणहून मोटरसायकलवर, पार भिजलेला. पाठीवरच्या पिशवीत नवा बॉक्स घेऊनच आला होता. ‘बॉक्स बदलायचा आहे, पंधराशे रुपये,’ म्हणाला. मी विचारलं, न बघता कसं ठरवलं? त्याने फोन पुढे केला. कामाच्या नोंदीत तसंच लिहिलं होतं: जुना बॉक्स, बदलणे. मी त्याला पट्ट्या दाखवल्या. रेघ दाखवली. तो रेघेकडे बघत राहिला. ‘ही कोणी मारली?’ मी सांगितलं. पाऊस असताना वर चढायचं नाही असा नियम आहे म्हणाला, आणि तो नियम योग्यच आहे. मग आम्ही थांबलो. चहा झाला. पाऊस उघडला तसा तो शेवाळावर गोणपाट टाकून वर चढला.

मी खिडकीत उभी राहिले.

‘आलं का, काकू?’

‘नाही. थोडं डावीकडे. नाही... थांबा. बोटभरच. आता थांबा.’

खालची पट्टी शून्यावरून बारावर गेली, बाराची एकेचाळीस झाली, मग एकदम अठ्ठ्याहत्तर. मी ‘आलं!’ म्हणून ओरडले आणि माझा आवाज फाटला. सगळं काम सहा-सात मिनिटांचं होतं. बॉक्स जुनाच राहिला. बोल्टला खालून पट्टी कशी घ्यायची ते मी त्याला सांगितलं. ‘हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये नाही सांगितलं,’ म्हणाला, आणि नीट समजून घेतलं. जाताना अडीचशे रुपये व्हिजिटचे घ्यावे लागतील हे त्याने मान खाली घालून सांगितलं. मी दिले. पावती घेतली.

शुक्रवारी का आला नाहीस, असं विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. त्या दिवशी त्याच्याकडे तीन तालुक्यांतली अकरा कामं होती. सहा झाली. ‘कॉल मी बंद केला नव्हता, काकू. वरून होतो. ठरलेल्या वेळेत बंद नाही झाला तर लाल दिसतो.’

म्हणजे कोणाच्या तरी पडद्यावर लाल दिसू नये म्हणून आमचा पडदा निळा राहिला.

या मुलाला कृपा करून शोधू नका आणि काही बोलू नका. एका माणसाला अकरा घरं देणाऱ्याला शोधा.

आता तक्रार लिहितेच आहे तर मनात साठलेलं आणखी थोडं. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धत आली. वाहिन्या ज्याने त्याने निवडायच्या, आणि एकही सशुल्क वाहिनी घेण्याआधी एकशे तीस रुपये अधिक कर, म्हणजे एकशे त्रेपन्न रुपये चाळीस पैसे. तेव्हा हे आठ दिवस पडवीत वही घेऊन बसले होते. वाडीतली माणसं येत, कोणाला कुस्ती, कोणाला बातम्या, कोणाला नुसता विठ्ठल. प्रत्येकाची यादी करून, बेरीज करून त्यांनी नोंदवून दिली. पुढे तुम्ही त्या याद्या मोडून आपल्या मर्जीने पॅक लावून दिलेत, ‘आपल्या सोयीसाठी’. ती वही माझ्याकडे आहे. त्यात बेचाळीस घरं आहेत.

दुसरं, सह्याद्रीबद्दल. ती सरकारी वाहिनी आहे, मोफत आहे, तुम्हाला ती प्रत्येक ग्राहकाला द्यावीच लागते. दोन वर्षांपूर्वी माझा रिचार्ज एका दिवसाने चुकला तेव्हा इतर वाहिन्यांबरोबर तुम्ही तीही बंद केलीत. तुमच्या वाहिन्या बंद केल्यात तर माझी हरकत नाही. पण जिचं मोल तुम्ही घेत नाही ती अडवून धरायचा तुम्हाला काय हक्क?

आणि तिसरं, बॉक्सचं. २००१ साली सरकारने डीटीएचची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हाच त्यांत म्हटलं होतं की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीकडे चालला पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने पुन्हा तशीच शिफारस केली. आमच्या माळ्यावर तीन चांगले बॉक्स धूळ खात पडले आहेत, त्यातले दोन शेजाऱ्यांनी कंपनी बदलल्यावर ह्यांच्याकडे आणून टाकलेले. हे म्हणायचे, ‘यांच्यात बिघाड काही नाही. कुलूप आहे फक्त.’ तुमच्यावर रागावून निघून जायचं तरी माणसाला दीड-दोन हजार मोजावे लागतात, आणि ते तुम्हाला पुरतं ठाऊक आहे.

माझ्या नात्यातली मुलं म्हणतात, दूरदर्शनचं फ्री डिश घे, सह्याद्री तिथेही आहे, महिन्याचं देणं नाही. घेईनही. छत्री तीच चालेल, फिरवायची मला येते. पण त्याआधी तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. नुकसानभरपाई नको. अडीचशे रुपयेही परत नकोत. माफीचा मेसेज तर मुळीच नको, त्याच्याखाली परत गुण विचारलेले असतील.

शाळेत हजेरीपट असतो. गैरहजर मुलाला हजर दाखवलं तर शिक्षकाची नोकरी जाऊ शकते, इतकी ती नोंद महत्त्वाची. चुकून झालं असेल तर खोडरबर वापरायचं नाही. चुकीच्या नोंदीवर सरळ एक रेघ मारायची, ती खाली वाचता आली पाहिजे. वर बरोबर नोंद लिहायची, बाजूला सही आणि तारीख. एकतीस वर्षांत मला असं चार-पाच वेळा करावं लागलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी सही केली आहे.

माझ्या यजमानांच्या नावे असलेल्या तुमच्या खात्यात जुलै महिन्यात दोन नोंदी आहेत. ८ तारखेची खरी आहे. ४ तारखेच्या नोंदीवर एक रेघ मारा, वर ‘कोणी आले नाही’ एवढं लिहा, आणि ज्याने ती नोंद केली त्याला त्याच्याखाली सही करायला सांगा. तसं केल्याचं मला टपालाने कळवा. पत्ता तुमच्याकडे आहे. पोस्टमन पावसातही येतो, एखादा दिवस सोडला तर.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(खाते यजमानांच्या नावे)
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी